ओस्टझेच्या काठी दोन आज्या

तो वोनवागन आमचा नव्हता. बाबांच्या प्रयोगशाळेत लांग नावाचे एक वयस्क सहकारी होते, त्यांचा होता. मोटारीच्या मागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली त्यांनी स्वतःच्या हाताने आतून फिकट पिवळ्या रंगाने रंगवली होती आणि खिडक्यांना त्यांच्या बायकोने लाल चौकटींचे पडदे शिवले होते. लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या बिऱ्हाडासमोर बाबांनी तो आणून उभा केला, तेव्हा आजोबा कोटाची बटणं लावत खाली गेले, त्याच्याभोवती सावकाश फिरले, वाकून मोटारीशी जोडणारा लोखंडी गोळा बघितला आणि वर गॅलरीत उभ्या असलेल्या आजीला ओरडून म्हणाले, "अगं, एकाच डब्याची गाडी आहे! पण कपलिंग चांगलं आहे."

आजोबा म्हणजे आईचे वडील. मिरजेला राहायचे. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून काढलेली, त्यामुळे गाडीत बसलं की त्यांची नजर पुढे नसायची, मागे असायची. त्या उन्हाळ्यात आम्ही उत्तरेला ओस्टझे नावाच्या समुद्रावर गेलो तेव्हा पुढच्या सीटवर बसून ते अख्ख्या प्रवासात मान वळवून मागचा वोनवागन बघत होते. बाबा म्हणाले, "मामा, मान दुखेल. आरशात दिसतो मला तो." आजोबा म्हणाले, "तुम्ही इंजिन सांभाळा, श्रीधरराव." मागच्या सीटवर आजी, मी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ अजित. आजीच्या मांडीवर पितळेचा डबा होता आणि त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. ऑटोबानवर शंभराच्या वेगाने माणसं आम्हाला ओलांडून जात होती आणि आमच्या गाडीत लसणीचा वास दरवळत होता. मी खिडकीची काच खाली केली की आजी वर करायला लावायची, वाऱ्याने तिचा पदर उडायचा म्हणून.

आई आमच्याबरोबर नव्हती. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तिला जड काही उचलायला मनाई केली होती. आजी-आजोबा बोटीने इतक्या लांब आले ते त्यासाठीच, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाबांनी आखनला डॉक्टरेट केली, मग राईनकाठच्या त्या प्रचंड रसायनांच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. मी चार वर्षांची असताना आईचं बोट धरून इकडे आले. आता मी बारा वर्षांची होते. घरात आई-बाबा माझ्याशी मराठीत बोलत आणि मी जर्मनमध्ये उत्तरं देई. हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वावगं आहे असं मला वाटतही नसे. आज माझी नातवंडं माझ्याशी नेमकं तेच करतात. मी विचारते, "जेवलास का रे?" आणि तिकडून येतं, "या, ओमा," म्हणजे "हो, आजी." तेव्हा मला माझ्या आईचा चेहरा आठवतो. ती काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडे क्षणभर जास्त बघायची.

आजीला मात्र गप्प राहणं ठाऊक नव्हतं. आल्या दिवसापासून तिने माझ्या मागे लकडा लावला. मला जे थोडंफार मराठी बोलता येई त्यात 'तो, ती, ते' यांचा नुसता गोंधळ होता. मी "माझी हात" म्हटलं की ती जागच्या जागी दुरुस्त करायची, "माझा हात. हात तो." मग माझ्या हातावर चापटी मारायची, म्हणजे लक्षात राहील. सकाळी गॅलरीत उभी राहून कारखान्याकडून येणारा वारा हुंगायची आणि जाहीर करायची, "आज नासक्या अंड्यांचा वार आहे," किंवा "आज बरा आहे, आज नुसता साबण." शेजारपाजारच्या बायकांशी ती सरळ मराठीत बोलायची आणि नवल म्हणजे त्या हसून उत्तरं द्यायच्या. मला मात्र तिच्याबरोबर रस्त्याने चालताना अवघडल्यासारखं व्हायचं. हिरवं नऊवारी, वर आईचा लोकरी कोट, पायात बाबांचे मोजे. माझ्या वर्गातली एखादी मुलगी समोरून येताना दिसली की मी दुकानाच्या काचेत काहीतरी बघत थांबायचे.

समुद्रकाठचा तळ वाळूच्या टेकाडांमागे होता, देवदारांसारख्या उंच झाडांच्या कडेला. वोनवागनांच्या रांगा, रांगांमधून फळ्या टाकून केलेली वाट, टोकाला भांडी घासायचे ओटे आणि न्हाणीघरं. तळाचा रखवालदार प्लाट्सवार्ट एका लाकडी टपरीत बसायचा आणि दुपारी जेवणं झाली की भोंग्यावरून सांगायचा की आता मिटागस्रूहे, दुपारची शांतता, कुणी आवाज करायचा नाही. आजीने मला त्याचा अर्थ विचारला. मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितला. ती खूश झाली. "म्हणजे वामकुक्षी! सरकारी वामकुक्षी! अहो, ऐकलंत का, इथं झोपायचा हुकूम निघतो." बाबा दोन दिवस राहिले, आम्हाला गॅस पेटवायला, पाण्याचा डबा भरायला शिकवलं, पुढच्या बाजूला तंबूची पडवी उभारून दिली आणि मोटार सोडवून घेऊन परत निघाले. घरी आई एकटी होती आणि त्यांची रजा एवढीच होती. दोन आठवड्यांनी न्यायला येणार होते. मोटार झाडांआड दिसेनाशी झाल्यावर आजोबा म्हणाले, "इंजिन गेलं. आता आपण यार्डात."

ते पहिले दिवस फार सुखाचे गेले. वोनवागनमधलं टेबल रात्री खाली पाडलं की त्याचा पलंग व्हायचा, त्यावर आजी आणि मी. समोरच्या बाकावर आजोबा आणि त्यांच्या पायाशी मुटकुळं करून अजित. सकाळी तंबूच्या दोऱ्या पत्र्यावर टकटक वाजायच्या, समुद्रपक्षी भांडायचे आणि आजी सगळ्यांच्या आधी उठून आलं ठेचत असायची. पाव, दूध टपरीवर मिळायचं. आजी सकाळच्या न्याहारीला गोल पाव आणि बेसनाचं पिठलं द्यायची, आणि मी शपथेवर सांगते, त्या ताज्या खरपूस पावाला पिठल्यासारखी दुसरी जोड मी आजवर चाखलेली नाही. एक दिवसाआड मच्छीमारांची नाव किनाऱ्याला लागायची. आजी नदीकाठच्या गावची, मासे निवडण्यात तरबेज. ते चपटे, एका बाजूला दोन्ही डोळे असलेले मासे बघून तिने आधी कपाळाला हात लावला, "देवानं याच्यावरून रूळ फिरवलाय की काय!" पण हळद, तिखट आणि मीठ लावून तव्यावर टाकले तेव्हा वास सगळ्या रांगेत पसरला. त्या वासामागे फ्राऊ लोरेन्त्स, म्हणजे लोरेन्त्सबाई, आल्या.

त्या शेजारच्या वोनवागनमध्ये होत्या, हाम्बुर्गहून आलेल्या, आजीच्याच वयाच्या. उंच, हाडाच्या, आखूड कापलेले पांढरे केस. मुलगी नोकरी करायची, म्हणून नातीला घेऊन दर उन्हाळ्यात त्या इथे यायच्या. नातीचं नाव हाइके. ती माझ्याच वयाची, आणि पहिल्याच दिवशी आमची गट्टी जमली. फ्राऊ लोरेन्त्सनी तव्याकडे बोट दाखवलं. आजीने काही न बोलता एक तुकडा बशीत घालून पुढे केला. त्यांनी तो खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि बशी पुन्हा पुढे केली. एवढ्यावर त्यांची ओळख झाली. नंतर संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसायच्या. एक लोकरीचं विणायची, दुसरी मटार सोलायची, आणि दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. अजितचं आणि आजोबांचंही तसंच. तो त्यांना जर्मनमध्ये वाळूच्या किल्ल्याचे मजले समजावून सांगायचा, ते "बरं, मग?" म्हणायचे.

मग एका सकाळी भांडी घासायच्या ओट्यावर आजी माझ्याशी बोलली. ती घासत होती, मी फडक्याने पुसत होते. आजीला आडपडदा जमत नसे. हातातलं पातेलं विसळत, जणू दुपारी काय रांधायचं ते सांगावं तशी ती म्हणाली, "वसू, तुला न्यायला आलोय आम्ही. शरदात बोट आहे. मिरजेला चांगली मुलींची शाळा आहे, तुझ्या आईचीच. आमच्यापाशी राहशील."

मला वाटलं मला मराठी नीट कळलं नाही. मी विचारलं, "किती दिवस?"

"शिक्षण होईपर्यंत. मग बघू."

"अजित?"

"तो लहान आहे अजून. आणि मुलगा आहे." तिने नळ बंद केला. "तुझ्या आईला काळजी वाटते गं. मुलगी मोठी होतेय. ना इथली, ना तिथली. ही सुट्टीसुद्धा त्यासाठीच काढली, तुला आमची सवय व्हावी म्हणून. मला ते असं मागून कळवणं आवडत नाही, म्हणून सांगितलं."

मी तीच बशी पुसत उभी राहिले. माझ्या डोक्यात मिरज नावाचं जे काही होतं ते म्हणजे एक फोटो होता, त्यात एका दारासमोर पुष्कळ माणसं उन्हाने डोळे बारीक करून उभी होती. मला हाइकेची आठवण झाली, माझ्या वर्गातल्या बाकाची, राईनवरून जाणाऱ्या ट्रामची, आणि सगळ्यांत जास्त खुपलं ते म्हणजे आई-बाबांना हे माहीत होतं. त्यांनी ते आपसात ठरवलं होतं आणि मला वोनवागनचे पडदे दाखवले होते. मी बशी ओट्यावर ठेवली आणि जर्मनमध्ये म्हणाले की मी जाते, हाइके वाट बघतेय. त्या क्षणापासून मी मराठी बोलणं बंद केलं. आधीही मोडकंतोडकंच होतं, पण तेही नाही. आजीने काही विचारलं तर मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, तेही एका शब्दाचं. जेवायला हाइकेकडे पाव आणि चीज खायचे. आजोबांनी एकदा मला वाळूवर गाठलं, शेजारी बसले आणि म्हणाले, "पोरी, गाडी सुटायच्या आधी गार्डाला सगळे डबे बघावे लागतात. हे तुझ्या बाबतीत कुणी केलेलं दिसत नाही." पण त्यापलीकडे ते बोलले नाहीत. घरातले निर्णय त्यांच्या मते आजीच्या अखत्यारीतले होते.

आजी माझ्यावर रागावली नाही. माझं ताट रोज वाढायची, झाकून ठेवायची आणि संध्याकाळी अजितला द्यायची. मला वाटतं, ती वाट बघत होती. अशा बाबतीत तिच्याइतकी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो दिवस स्वच्छ होता, वारा पडलेला. पाणी तळ्यासारखं. आजी सकाळीच आजोबांना म्हणाली, "बोटीवरून इतके दिवस समुद्र बघितला, पण बोट काही लावलं नाही त्याला. आज पाण्यात उतरणार." तिने कासोटा घट्ट मारला, निऱ्या गुडघ्यांवर खोचल्या आणि निघाली. वाळूवर वेताच्या टोपलीसारख्या उंच खुर्च्या रांगेने मांडलेल्या असायच्या, त्यांतून माणसं ऊन खात पडलेली. सगळ्यांच्या माना वळल्या. मी हाइकेबरोबर अशाच एका खुर्चीमागे होते. हाइके म्हणाली, "तुझी ओमा बघ!" तिच्या बोलण्यात कौतुक होतं, पण मला ते तेव्हा समजलं नाही आणि मी आणखी खाली सरकले. आजी घोट्याइतक्या पाण्यात थांबली, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि काठावरच्या आजोबांना ओरडून म्हणाली, "अळणी आहे हो! याच्यापेक्षा माझी आमटी खारट!" मग पुढे गेली, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत. लुगडं पाण्यावर फुगून तिच्याभोवती हिरवं वर्तुळ झालं. ती लहान मुलीसारखी हसत होती, दोन्ही हातांनी पाणी उडवत होती.

मग ती हसायची थांबली. ओरडली नाही. जागच्या जागी खाली बसली, पाणी गळ्यापर्यंत आलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी उभी राहिले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "फॉयरक्वाले!" अग्निजेली. लालसर पिवळा, झाकणासारखा गोल प्राणी, खाली केसांसारख्या लांबच लांब शेंड्या, आणि त्या शेंड्या लागतील तिथे चटके. एरवी माणूस पटकन बाजूला होतो. पण त्या शेंड्या आजीच्या लुगड्यात आत शिरल्या होत्या, कापडाच्या घड्यांत अडकल्या होत्या, आणि ती जितकी हलेल तितक्या नव्याने लागत होत्या.

आजोबा बूट घालूनच पाण्यात शिरले. दोन माणसं धावली. तिला उचलून वाळूवर आणलं. तिचा श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, ओठ पांढरे. फ्राऊ लोरेन्त्स आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "कपडा काढायला हवा. लगेच." आणि लुगड्याच्या काठाला हात घातला. आजीने तो हात धरला. ती वेदनेने थरथरत होती, पण तो हात तिने सोडला नाही. चारी बाजूंनी माणसं जमलेली, पुरुषही. "नाही," ती म्हणत होती, "नाही, नाही." फ्राऊ लोरेन्त्स जर्मनमध्ये समजावत होत्या, आजोबा मराठीत विनवत होते, आणि कपडा का काढायचा ते आजीला कुणी सांगू शकत नव्हतं.

मी गर्दीतून आत घुसले. कशी ते आठवत नाही. मी आजीच्या डोक्यापाशी बसले आणि मराठीत म्हणाले, "आजी, साडीत ती आहे. ती प्राणी. साडीत अडकली. काढायची. नाही काढली तर अजून जळेल." ती माझ्याकडे बघत राहिली. मी वर बघून जर्मनमध्ये ओरडले की पुरुषांनी लांब जावं, सगळ्यांनीच, आणि बायकांनी टॉवेल धरावेत. माझ्या आवाजाचं मलाच आश्चर्य वाटलं. आणि त्या बायकांनी ऐकलं! रंगीबेरंगी मोठे टॉवेल दोन्ही हातांत पसरून, आमच्याकडे पाठ करून त्या गोल उभ्या राहिल्या. हाइकेही त्यात होती. आत आम्ही तिघीच. मी आजीला म्हणाले, "कोण नाही बघत. बघ. सगळे पाठ." तिने एकदा मान फिरवून ती टॉवेलांची भिंत पाहिली आणि स्वतःच्या हाताने कासोटा सोडला.

तिच्या दोन्ही पायांवर, मांड्यांवर चाबकाने मारल्यासारखे लाल वळ उठले होते. फ्राऊ लोरेन्त्सनी कुणालातरी व्हिनेगरची बाटली आणायला पिटाळलं, वळांवर ओतली, कोरडी वाळू टाकली आणि लोण्याच्या सुरीच्या बोथट बाजूने ती हलक्या हाताने खरवडत राहिल्या. मी दोघींच्या मध्ये. "विचार, छातीत दुखतं का." "आजी, इथं दुखतं? आतमध्ये?" "नाही. पाय जळतात नुसते. तिला म्हणावं, हात हलका आहे तिचा." "ती म्हणतेय तुमचा हात हलका आहे." "तिला सांग, रडली तरी चालेल." मी सांगितलं. आजी म्हणाली, "तिला सांग, रडू पोळ्यांवर पडलं तर खारट होतात, म्हणून सवय नाही." हे मला भाषांतर करता आलं नाही. मी म्हणाले, "ती नाही म्हणतेय."

प्लाट्सवार्टने गावातून डॉक्टर आणले. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाडी बघितली, आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही, पण दोन-तीन दिवस झोपून राहायचं आणि पायांना ऊन लागू द्यायचं नाही. त्यांचे सगळे प्रश्न माझ्यातून गेले, आजीची सगळी उत्तरं माझ्यातून आली. वय किती, आधी कसला आजार, बाळंतपणं किती. आजीला पाच मुलं झाली होती आणि त्यांतली दोनच राहिली, हे मला त्या दिवशी डॉक्टरांना सांगताना कळलं.

पुढचे दिवस आजी पडवीत पाय वर करून पडून असायची. अंगात फ्राऊ लोरेन्त्सचा निळा फुलाफुलांचा लांब झगा, कारण लुगड्याचा स्पर्श सोसत नव्हता. तो झगा तिला जमिनीपर्यंत यायचा. आजोबा तिच्याकडे बघून रोज एकदा तरी म्हणायचे, "मॅडम, चहा?" स्वयंपाक मी आणि फ्राऊ लोरेन्त्स करायचो, आजी पडल्या पडल्या हुकूम सोडायची. मी पुन्हा बोलू लागले होते. पण त्या विषयावर नाही. तो विषय आमच्यामध्ये वाढलेल्या ताटासारखा झाकून ठेवलेला होता.

शुक्रवारी दुपारी, भोंग्यावरून शांतता जाहीर झाल्यानंतर, आजोबा आणि अजित झोपले होते. दोघी आज्या पडवीत होत्या आणि मी खाली चटईवर. आजी म्हणाली, "तिला विचार, तिचं माहेर कुठलं?" मी विचारलं. फ्राऊ लोरेन्त्सनी विणकाम मांडीवर ठेवलं. पूर्वेला, त्या म्हणाल्या, खूप लांब. आता तिथे जाता येत नाही. युद्ध संपता संपता हिवाळ्यात निघावं लागलं, हातगाडीवर सामान घालून, पायी. मुलगी, म्हणजे हाइकेची आई, तेव्हा बारा वर्षांची होती. ती वाटेत एकही शब्द बोलली नाही, आणि हाम्बुर्गला पोचल्यावरही बरेच महिने बोलली नाही. मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी मराठीत आणत होते. हातगाडीला शब्द सापडला नाही तेव्हा 'लहान गाडी, घोडा नाही' म्हटलं. आजी ऐकत होती.

मग ती म्हणाली, "तिला सांग, मीही हिला घेऊन जाणार आहे. आमच्या घरी. शिकायला."

मी चटईची काडी उपटत राहिले. आजी म्हणाली, "सांग."

मी जर्मनमध्ये सांगितलं, "ती मला घेऊन जाणार आहे. भारतात. कायमची." कायमची हा शब्द आजीने म्हटला नव्हता, पण मला तो तसाच ऐकू आला होता.

फ्राऊ लोरेन्त्सनी आजीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? तुला काय हवंय?"

आजीने विचारलं, "काय म्हणाली?"

"ती विचारतेय, मला काय हवंय."

फ्राऊ लोरेन्त्स सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या, म्हणजे मला नीट नेता यावा. "तिला सांग, आम्हाला विचारायला वेळ नव्हता. रस्ता बर्फाचा होता आणि मागे तोफा होत्या. माझ्या मुलीला मी काहीच विचारू शकले नाही. तुमच्याकडे वेळ आहे."

मी ते सांगितलं. तोफा हा शब्द मला येत नव्हता, मी 'मोठ्या बंदुका' म्हणाले. आजी झग्याच्या फुलांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग सांग की. तुला काय हवंय?"

"कुणाला सांगू? तिला की तुला?"

"आधी मला."

मी म्हणाले, "मला इथे राहायची आहे. आई-बाबाजवळ. मला मिरज बघायची आहे, तुझी घर बघायची आहे, सुट्टीत. पण राहायची इथे." एवढं लांब मराठी मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. त्यात किती चुका होत्या ते आज मला मोजता येतं. आजीने एकही दुरुस्त केली नाही. ती म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळाने, "आता तिलाही सांग. तिनं विचारलंय."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. तंबूच्या खुंट्या उपटत असताना आजीने खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना सांगितलं, "श्रीधरराव, वसू आमच्याबरोबर येणार नाही."

बाबा हातातली खुंटी घेऊन तसेच उभे राहिले. "पण मामी, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. आता मोडलं."

"शालन काय म्हणेल?" शालन म्हणजे आई.

"तिला मी बघते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते रागावतील. पण ते खाली बसले, रुमालाने मान पुसली, आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांनाही मला पाठवायचं नव्हतं.

आई मात्र रागावली. घरी पोचलो त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात. मी वाळूने भरलेल्या चादरी घेऊन न्हाणीघराकडे चालले होते आणि दारातच थबकले. आई मला बघूनही थांबली नाही. "तूच म्हणाली होतीस, घेऊन जाते म्हणून. आणि आता तूच फिरलीस? माझी मुलगी हातची चाललीय, तुला दिसत नाही? मराठीत एक वाक्य बोलत नाही ती."

"बोलते," आजी म्हणाली. "मी ऐकलंय."

"चार शब्द!"

"चार शब्दांत माझे पाय वाचले." आजी खुर्चीत बसली. वळ अजून पुरते गेले नव्हते. "शालन, मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. तुला मी विचारलं नव्हतं गं. स्थळ आलं, मुलगा परदेशी जाणार, सगळे म्हणाले पोरीनं नशीब काढलं. मॅट्रिकचा निकाल लागायच्या आत तुला बोहल्यावर उभी केली."

"ते आता कशाला काढतेस? मी काही तक्रार केलीय का?"

"नाही केलीस. म्हणून आता विचारते. काय हवं होतं तुला?"

आईने गॅस बंद केला. चहा उकळून वर आला होता. तिने तो गाळला नाही, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "नर्स व्हायचं होतं," ती म्हणाली. "आपल्याकडे दवाखान्यात त्या पांढरी टोपी घातलेल्या बायका असायच्या ना, तसं."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलंच नव्हतंस."

आईच्या आवाजात राग उरला नव्हता. आजीने हात पुढे केला, आईने तो धरला नाही, पण ती जवळची खुर्ची ओढून आजीच्या शेजारी बसली. मी चादरी घेऊन पुढे गेले.

शरदात आजी-आजोबा दोघंच परत गेले. आजोबांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. मी इकडे आल्यानंतर पहिल्यांदा मिरजेला गेले तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि 'इथे राहायचं आहे' म्हणताना त्या उत्तराला हीही एक बाजू असेल हे बारा वर्षांच्या मुलीला कुठून कळावं. आजही मला विचारलं तर मी तेच उत्तर देईन. पण त्यांची आठवण येते.

अजित शाळेत जायला लागला त्या वर्षी आईने नर्सिंगच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. वर्गात सगळ्या मुली तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ती रात्री जेवणं झाल्यावर हाडांची जर्मन नावं पाठ करायची आणि मी तिचे उच्चार सुधारायचे. रुग्णालयात कामावर जायच्या पहिल्या सकाळी ती पांढरा एप्रन आणि टोपी घालून दिवाणखान्यात आली, आरशासमोर उभी राहिली, टोपी जरा उजवीकडे सरकवली आणि बाबांना म्हणाली, "अहो, कॅमेरा आणा. आईला फोटो पाठवायचाय."